केजन व क्रिओल अन्नसंस्कृती : लुइझियानातील प्रवासी आणि अस्सलतेचा प्रश्न

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कोणत्याही मोठ्या शहरात 'केजन' हे विशेषण लावून विकला जाणारा पदार्थ बहुधा तिखट असतो. आणि तो तिखट आहे, एवढाच या विशेषणाचा अर्थ तेथील गिऱ्हाईक समजून चालते. ज्या प्रदेशातून हे विशेषण निघाले, त्या दक्षिण लुइझियानातील खेड्यापाड्यांत मात्र नित्याचे जेवण म्हणजे भात आणि त्यावर मांसाचा दाट, तपकिरी रस्सा. त्यात तिखट असते, पण ते बेताचे. विशेषणाचा बाजारातील अर्थ आणि त्याचा घरातील अर्थ यांत पडलेले हे अंतर हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

या प्रदेशाकडे प्रवासी मोठ्या संख्येने जातात, आणि 'खरे' केजन वा क्रिओल अन्न चाखावे, 'खरी' संस्कृती पाहावी, अशी त्यांतील पुष्कळांची इच्छा असते. पण येथे खरे कशास म्हणावयाचे? ज्या अन्नाची घडण मुळात संकरातून झाली, त्याच्या बाबतीत शुद्धतेची कसोटी लावता येईल काय? आणि ती लावता येत नसेल, तर खऱ्याखोट्याचा भेदच निरर्थक ठरतो काय? या प्रश्नांचा विचार करण्यापूर्वी 'क्रिओल' आणि 'केजन' या दोन संज्ञांचा इतिहास पाहणे अवश्य आहे.

१. दोन संज्ञा

'क्रिओल' हा शब्द पोर्तुगीज 'क्रिऑलु' आणि स्पॅनिश 'क्रिओल्यो' या शब्दांपासून आला. वसाहतीतच जन्मलेला, असा त्याचा मूळ अर्थ. मराठी वाचकास हा शब्द सर्वस्वी परका नाही. रायगड जिल्ह्यातील कोर्लई येथे ख्रिस्ती समाजात बोलली जाणारी, पोर्तुगीज शब्दसंग्रहावर आधारलेली आणि मराठीचा गाढ संस्कार झालेली बोली भाषाशास्त्रज्ञ याच संज्ञेने ओळखतात. लुइझियानात हा शब्द प्रथम माणसांना लागला. फ्रान्समध्ये किंवा आफ्रिकेत जन्मलेल्यांपासून वसाहतीत जन्मलेल्यांचा भेद दाखवावा, एवढेच त्याचे प्रयोजन होते. गोरा जमीनदार, स्वतंत्र मिश्रवर्णीय कारागीर आणि गुलाम स्त्री हे तिघेही त्या अर्थी क्रिओल असू शकत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, गुलामगिरी नष्ट झाल्यावर, गोऱ्या कुळांनी हा शब्द केवळ आपल्यापुरता राखून ठेवण्याचा प्रयत्न केला. आज मात्र दक्षिण लुइझियानात तो मुख्यतः आफ्रिकी वा मिश्र वंशाच्या, फ्रेंच परंपरेतील कॅथलिक समाजास उद्देशून वापरला जातो. शब्द एकच राहिला. त्याचे मालक बदलत गेले.

'केजन' या शब्दामागे निर्वासनाची कथा आहे. आजच्या कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर सतराव्या शतकाच्या आरंभी 'आकादी' नावाची फ्रेंच वसाहत स्थापन झाली. इ. स. १७१३ च्या युट्रेख्टच्या तहाने तिचा मुख्य भाग ब्रिटिशांकडे गेला. तेथील शेतकऱ्यांनी ब्रिटिश राजाशी बिनशर्त एकनिष्ठतेची शपथ घेण्यास नकार दिला. तेव्हा १७५५ साली गव्हर्नर चार्ल्स लॉरेन्स याने त्यांना देशोधडीस लावण्याचा हुकूम काढला. पुढील आठ वर्षांत दहा हजारांहून अधिक लोक आपल्या भूमीतून उखडले गेले. त्यांतील हजारो रोगराईने व जहाजे बुडून मेले. १७६५ साली ब्रूसार 'बोसोलेय' याच्या नेतृत्वाखाली सुमारे दोनशे जण लुइझियानात पोहोचले, आणि १७८५ साली फ्रान्समध्ये आश्रयास राहिलेले सुमारे सोळाशे जण सात जहाजांतून तेथे आले. त्या वेळी लुइझियाना स्पेनच्या ताब्यात होते. 'आकादियँ' या नावाचा उच्चार झिजत झिजत 'कादियँ' आणि अखेर इंग्रजी मुखात 'केजन' असा झाला.

न्यू ऑर्लिन्स या नगरातील अन्न ते क्रिओल आणि पश्चिमेकडील दलदली व गवताळ मैदानांतील अन्न ते केजन, अशी ढोबळ विभागणी प्रवाशांच्या मार्गदर्शिकांत आढळते. नगरात बाजारपेठ होती, लोणी होते, टोमॅटो होते, आणि स्वयंपाकास स्वतंत्र माणसे होती. ग्रामीण भागात डुकराची चरबी, शिकार आणि एकच भांडे होते. ही विभागणी आरंभीच्या समजुतीपुरती उपयुक्त आहे. तथापि तिच्यामुळे एक महत्त्वाची वस्तुस्थिती झाकली जाते. ग्रामीण मैदानांतही क्रिओल म्हणविणारा कृष्णवर्णीय समाज केजनांच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहत आला असून, दोहोंच्या चुलींवर बव्हंशी तेच पदार्थ शिजत आले आहेत.

२. एका भांड्यातील इतिहास

या प्रदेशाचा इतिहास ज्या एका पदार्थात साठविला गेला आहे तो पदार्थ म्हणजे गंबो. हा भाताबरोबर खावयाचा दाट रस्सा होय. त्यात कोंबडी व सॉसेज, किंवा कोळंबी, खेकडे व कालवे असतात. त्याचे नावच आफ्रिकी आहे. बांटू भाषासमूहात भेंडीला 'की ङ्गोंबो' म्हणतात. त्यावरून भेंडी घातलेल्या रश्श्यास गंबो हे नाव पडले. भेंडीच्या ज्या चिकटपणाला आपल्या स्वयंपाकघरात टाळण्याचा प्रयत्न होतो, तोच चिकटपणा येथे रस्सा दाट करण्यास उपयोगी पडतो. पश्चिम आफ्रिकेतही भेंडीचा हाच उपयोग होत आला आहे.

भेंडी नसेल तेव्हा 'फिले' वापरतात. सॅसफ्रस वृक्षाची वाळवून कुटलेली ही पाने वापरण्याची विद्या चोक्टॉ या मूळ रहिवाशांची. फ्रेंचांकडून आली ती 'रू' करण्याची पद्धत, म्हणजे स्निग्ध पदार्थात पीठ मंद आचेवर परतणे. परंतु फ्रान्समध्ये रू बहुधा फिकट ठेवतात. लुइझियानात तो तपकिरी, कित्येकदा चॉकोलेटच्या रंगाचा होईपर्यंत परतला जातो. पीठ जितके अधिक परतावे तितकी त्याची रस्सा दाट करण्याची शक्ती कमी होते, कारण उष्णतेने त्यातील पिष्टाचे विघटन होते. उलट भाजल्याची चव वाढते. म्हणजे मूळ तंत्राचे प्रयोजनच येथे पालटले. दाटपणासाठी असलेला रू चवीसाठी झाला, आणि दाटपणाचे काम भेंडीने व फिलेने उचलले. फ्रेंच पाककृतीतील कांदा, सेलरी व गाजर या त्रयीतील गाजराची जागा येथे ढोबळ्या मिरचीने घेतली. या नव्या त्रयीला तेथील आचारी 'पवित्र त्रिमूर्ती' म्हणतात. सॉसेज व डुकराचे मांस टिकविण्याच्या कामात जर्मन वसाहतवाल्यांचाही वाटा आहे. १७२० च्या सुमारास न्यू ऑर्लिन्सच्या वरच्या बाजूस नदीकाठी त्यांची वस्ती झाली होती.

या मिश्रणाकडे पाहताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. 'अनेक संस्कृतींचा सुंदर संगम' असे वर्णन करून प्रवासी साहित्य पुढे जाते. परंतु या संगमास येणारे सर्व प्रवाह स्वेच्छेने आले नव्हते. १७१९ साली आफ्रिकेतून गुलामांची पहिली जहाजे लुइझियानात आली. ग्वेंडोलिन मिडलो हॉल यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार फ्रेंच राजवटीत आणलेल्या गुलामांपैकी सुमारे दोन तृतीयांश सेनेगांबिया भागातील होते. त्या भागात भातशेतीची परंपरा जुनी आहे. भाताचे बियाणे व ते पिकविण्याचे ज्ञान असलेली माणसे घेऊन यावे, अशी आज्ञा त्या काळच्या जहाजांच्या कप्तानांना होती. तात्पर्य, तांदळाबरोबर तांदळाची विद्याही बेड्या घालून आणली गेली. न्यू ऑर्लिन्सच्या ज्या पाककलेस पुढे कीर्ती लाभली तिच्यातील पुष्कळसे कर्तृत्व गुलाम व नंतर मोलकरीण म्हणून राबणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांचे होते. १८८५ साली लाफ्काडिओ हर्न याने आणि १९०० साली न्यू ऑर्लिन्सच्या 'पिकायून' वृत्तपत्राने क्रिओल पाककृतींचे ग्रंथ प्रसिद्ध केले. कृती ग्रंथांत आल्या. त्या सिद्ध करणारे हात मात्र बहुतांशी निनावी राहिले.

३. ऋतू आणि पंचांग

प्रवाशास हे अन्न समजावयाचे असेल तर त्याने स्थळाइतकेच काळाकडे लक्ष दिले पाहिजे. येथील पदार्थ ऋतूशी आणि कॅथलिक पंचांगाशी घट्ट बांधलेले आहेत. हिवाळ्यातील पहिली थंडी पडली की गंबोचे दिवस आले, असे लोक म्हणतात. सोमवारी न्यू ऑर्लिन्समध्ये लाल राजमा व भात शिजतो. सोमवार हा कपडे धुण्याचा दिवस. चुलीवर ठेवलेला राजमा आपोआप शिजत राही आणि त्यात रविवारच्या मांसाचे हाड पडे. धुण्याची यंत्रे आली, तरी सोमवारचा राजमा राहिला.

क्रॉफिश हा लहानशा शेवंडीसारखा, गोड्या पाण्यातील कवचधारी जीव होय. आज तो या संस्कृतीचे चिन्हच बनला आहे. पण एके काळी तो गरिबाचे अन्न गणला जाई, आणि तो खाताना पाहुण्याने पाहू नये असे वाटणारी घरेही होती. १९५९ साली राज्याच्या विधिमंडळाने ब्रो ब्रिज या गावास क्रॉफिशची राजधानी म्हणून गौरविले. दुसऱ्या वर्षापासून तेथे त्याचा उत्सव भरू लागला. आज त्याचे पुष्कळसे उत्पादन भातखाचरांतून होते. भाताचे पीक निघाले की शेतात पुन्हा पाणी सोडतात. उरलेल्या धांडांवर व त्यांवर वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांवर क्रॉफिश पोसला जातो, आणि हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत सापळे लावून तो पकडतात. हाच काळ ईस्टरपूर्वीच्या उपवासाचा, म्हणजे लेंटचा असतो. शुक्रवारी मांस वर्ज्य असल्याने क्रॉफिशला मागणी वाढते. अंगणात मोठ्या हंड्यात बटाटे व मक्याची कणसे यांसह तो उकडतात, कागद पसरलेल्या मेजावर ओततात आणि सर्वजण उभ्यानेच हातांनी सोलून खातात. १९२३ किंवा १९५३ सालचा पाहुणा असता तर या पंक्तीस त्याला बहुधा बोलावले गेले नसते, एवढा या जीवाच्या प्रतिष्ठेत पालट झाला आहे. २०२३ सालच्या दुष्काळामुळे पुढील वर्षी क्रॉफिशचे उत्पादन घटले व भाव भडकले, तेव्हा ते राज्यभर चिंतेचे कारण झाले.

उपवासकाल सुरू होण्याच्या आदल्या दिवशी मार्दी ग्राचा सण येतो. गोव्यात इंत्रूज ज्या कारणाने साजरा होतो त्याच कारणाने तोही साजरा होतो, कारण दोन्ही ठिकाणी पंचांग एकच आहे. न्यू ऑर्लिन्समधील रथांच्या मिरवणुका जगप्रसिद्ध आहेत. पण मामू, युनिस, चर्च पॉइंट अशा ग्रामीण गावांत त्याचे रूप वेगळे असते. मुखवटे व उंच टोकदार टोप्या घातलेली मंडळी घोड्यांवरून वा गाड्यांतून घरोघर जातात. त्यांचा 'कापितेन' मुखवटा घालत नाही. तो पांढरे निशाण घेऊन पुढे होतो आणि घरधन्याची परवानगी विचारतो. मग मंडळी गातात, नाचतात, भीक मागतात. घरधनी एखादी जिवंत कोंबडी सोडतो, तिच्यामागे चिखलातून धावाधाव होते. घरोघरच्या या शिध्यातून संध्याकाळी सामुदायिक गंबो शिजतो. येथे अन्न हे देवाणघेवाणीचे, ऋणानुबंधाचे साधन असते. शीतकपाट येण्यापूर्वी 'बूशरी' या प्रथेचे कार्यही हेच होते. एका घरी डुक्कर कापले जाई आणि मांस नासण्यापूर्वी शेजाऱ्यांत वाटले जाई; पुढच्या वेळी पाळी दुसऱ्या घरची. भात, मांस व काळीज भरलेले 'बूदँ' हे सॉसेज त्या वाटणीचेच एक फळ होय. आज ते वाण्याच्या दुकानात आणि पेट्रोल पंपावर गरम मिळते, आणि स्थानिक माणसे ते गाडीत बसूनच खातात.

४. कीर्ती आणि विस्मृती

ही संस्कृती आज अभिमानाचा विषय असली, तरी तिच्या वाहकांस तिची लाज वाटावी अशी व्यवस्था दीर्घकाळ चालू होती. १९२१ च्या राज्यघटनेने शाळांतील शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे असे ठरविले. शाळेच्या आवारात फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होत. त्या पिढीने पुढे आपल्या मुलांशी फ्रेंच बोलणेच सोडले. १९६८ साली राज्याने फ्रेंच भाषेच्या विकासासाठी मंडळ स्थापिले, १९७१ साली बावीस जिल्ह्यांच्या प्रदेशास 'अकेडियाना' हे नाव दिले, आणि १९७४ साली लाफायेत येथे केजन संगीताचा पहिला मोठा सोहळा झाला. १९८० साली एका संघीय न्यायालयाने केजन हा कायद्याचे संरक्षण लाभणारा वांशिक समूह असल्याचे मान्य केले. २००३ साली ब्रिटिश राजसत्तेने एका घोषणापत्राद्वारे १७५५ च्या निर्वासनाची व त्यातून झालेल्या हालअपेष्टांची नोंद घेतली.

हा पुनरुद्धार आवश्यक होता यात शंका नाही. परंतु त्याची एक काळी बाजूही आहे. 'अकेडियाना' या नावाने साऱ्या प्रदेशावर एकाच समूहाची मुद्रा उमटली, आणि त्याच भूमीवर राहणारा कृष्णवर्णीय क्रिओल समाज नकाशातून जणू पुसला गेला. संगीताचे उदाहरण बोलके आहे. १९२९ साली कृष्णवर्णीय अकॉर्डियनवादक आमेदे आर्द्वाँ आणि गोरा व्हायोलिनवादक डेनिस मॅगी यांनी मिळून ध्वनिमुद्रिका केल्या. पुढील केजन संगीताचा पाया त्यांतील कित्येक चालींवर उभा आहे. आर्द्वाँ १९४२ साली एका मनोरुग्णालयात विपन्नावस्थेत मरण पावला. कृष्णवर्णीय परंपरेतून पुढे झायडेको संगीत वाढले. क्लिफ्टन शेनिये (१९२५–१९८७) हा त्याचा अग्रणी. लाफायेतच्या उत्सवाच्या नावात 'आकादियँ' बरोबर 'क्रिओल' हा शब्दही पुढे समाविष्ट झाला, यामागे या विस्मृतीची जाणीव आहे.

अन्नाच्या क्षेत्रात हीच प्रक्रिया अधिक वेगाने घडली. ओपलूसास परिसरातील शेतकरी कुटुंबात जन्मलेले पॉल प्रुडॉम (१९४०–२०१५) यांनी १९७९ साली न्यू ऑर्लिन्समध्ये आपले उपाहारगृह काढले. मसाला चोळून तापलेल्या लोखंडी तव्यावर काळा होईपर्यंत भाजलेला 'रेडफिश' मासा हा त्यांचा पदार्थ देशभर गाजला. तो त्यांची स्वतःची निर्मिती होता. केजन आजीच्या घरी तो कधी शिजला नव्हता. तरीही 'केजन' म्हणजे काळे भाजलेले व तिखट, हा समज त्यानेच रूढ केला. मागणी इतकी वाढली की मेक्सिकोच्या आखातातील त्या माशाच्या व्यापारी मासेमारीवर १९८० नंतरच्या दशकात निर्बंध घालावे लागले. एका विशेषणाच्या लोकप्रियतेने एका जलचर जातीवर संकट आणावे, हे अर्थकारणाच्या अभ्यासकासही विचारात घेण्याजोगे आहे.

५. प्रवासी आणि रंगमंच

समाजशास्त्रज्ञ डीन मॅकॅनल यांनी १९७३ साली 'मंचित अस्सलता' ही संकल्पना मांडली. प्रवाशास दर्शनी भागात समाधान वाटत नाही. त्यास पडद्यामागचे जीवन पाहावयाचे असते. ही ओढ ओळखून पर्यटनव्यवसाय पडद्यामागचा भाग म्हणूनच एक नवा दर्शनी भाग उभा करतो, असे त्यांच्या विवेचनाचे सार आहे. लुइझियानात याची उदाहरणे विपुल आहेत. सेंट मार्टिनव्हिल येथे लाँगफेलोच्या 'इव्हँजेलिन' (१८४७) या काव्यातील नायिकेच्या नावाचा ओक वृक्ष दाखवितात, आणि तेथील तिच्या पुतळ्यास १९२९ च्या चित्रपटातील नटीची मुद्रा आहे. कवीने हा प्रदेश पाहिलेला नव्हता आणि नायिका काल्पनिक होती. तथापि अनेक केजन कुटुंबांनी याच कथेतून आपल्या निर्वासनाची आठवण जपली, हेही तितकेच सत्य आहे. कल्पित वस्तूभोवती खरी भावना गोळा होऊ शकते. म्हणून 'मंचित' म्हणताच ते खोटे ठरले, असे समजण्याचे कारण नाही.

मळ्यांवरील हवेल्यांच्या बाबतीत मात्र मंचनाचा दोष गंभीर होतो. दीर्घकाळ तेथे प्रवाशांस झुंबरे, जिने व मेजवान्यांची भांडी दाखविली जात; ती भांडी घासणाऱ्यांचा उल्लेख ओझरता होई. २०१४ साली खुल्या झालेल्या व्हिटनी मळ्याने प्रथमपासूनच गुलामांच्या जीवनास केंद्रस्थानी ठेवले. क्रिओल भोजनाचा आस्वाद घेऊ इच्छिणाऱ्याने ही भेट त्या भोजनाच्या आकलनाचाच एक भाग मानावी, हे उचित होय.

मग प्रवाशाने कोणती कसोटी वापरावी? पदार्थाच्या घटकांची यादी ही कसोटी अपुरी आहे. जांबालायात टोमॅटो असावा की नसावा यावर नगर व ग्रामीण भाग यांत मतभेद आहेत, आणि दोन्ही पक्ष आपापल्या परीने बरोबर आहेत. अधिक उपयुक्त कसोटी तीन प्रश्नांची आहे. हे अन्न मुख्यतः कोणासाठी शिजले आहे? आज, या ऋतूत, ते येथे का शिजले आहे? आणि ते सिद्ध करणाऱ्यांचे नाव व श्रेय कोणाकडे जाते? या प्रश्नांनी पाहू गेल्यास लाफायेत परिसरातील दुपारचे साधे ताटजेवण, जेथे कामकरी लोक रांगेत उभे राहून भात, रस्सा व भाजी घेतात, ते अनेक सजविलेल्या भोजनगृहांपेक्षा अधिक शिकवून जाते.

न्यू ऑर्लिन्समधील 'डूकी चेस' हे उपाहारगृह या दृष्टीने लक्षणीय आहे. १९४१ साली सुरू झालेल्या या घरात लीआ चेस (१९२३–२०१९) यांनी सत्तर वर्षांहून अधिक काळ क्रिओल पाककला जोपासली. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीय व गोऱ्या लोकांनी एकत्र बसून जेवणे कायद्याने निषिद्ध असताना नागरी हक्कांच्या चळवळीतील कार्यकर्त्यांच्या बैठका याच घराच्या माडीवर गंबोच्या साक्षीने होत. २००५ च्या कत्रिना वादळात ते पाण्याखाली गेले आणि दोन वर्षांनी पुन्हा उघडले. पवित्र गुरुवारी तेथे अनेक पालेभाज्यांचा हिरवा गंबो करण्याची प्रथा आहे. येथे प्रवासी येतात, राष्ट्राध्यक्ष येऊन गेले. तरी ते मुळात ज्या वस्तीसाठी उभे राहिले तिच्याशी त्याचे नाते तुटलेले नाही. प्रसिद्धी आणि अस्सलता यांत अपरिहार्य विरोध नसतो, हे यावरून दिसते.

दुसऱ्या टोकास अशी उपाहारगृहे आहेत, जेथे भिंतींवर मगरींची कातडी टांगलेली असतात आणि ताटातील कोळंबी सातासमुद्रापलीकडून आलेली असते. २०१९ साली लुइझियानाने कायदा करून परदेशी कोळंबी वा क्रॉफिश वाढणाऱ्या उपाहारगृहांवर तसे जाहीर करण्याचे बंधन घातले. या प्रश्नाशी भारताचाही संबंध आहे. गेल्या दशकात अमेरिकेस कोळंबी पुरविणाऱ्या देशांत भारत अग्रस्थानी आला, आणि स्वस्त आयातीमुळे आखातातील कोळ्यांचा धंदा डबघाईस आला. न्यू ऑर्लिन्समध्ये 'स्थानिक' म्हणून खाल्लेली कोळंबी आपल्याच पूर्व किनाऱ्यावरील तळ्यात वाढलेली असणे सर्वथा शक्य आहे. तेव्हा मासा कोठला, असे विचारणे हा प्रवाशाचा चोखंदळपणा नव्हे. तो कोळ्याच्या उपजीविकेचा प्रश्न आहे.

६. समारोप

या अन्नाची अस्सलता शुद्धतेत शोधणे व्यर्थ आहे, कारण तसा शुद्ध क्षण त्याच्या इतिहासात कधी नव्हताच. १९७५ नंतर व्हिएतनाममधून आलेले निर्वासित आखाताच्या किनाऱ्यावर स्थायिक झाले. त्यांपैकी पुष्कळ जण कोळंबीच्या बोटींवर गेले, आणि उकडलेल्या क्रॉफिशवर लसूण घातलेले लोणी ओतण्याची त्यांची रीत आज सर्वत्र पसरली आहे. तीस अनस्सल म्हणावे, तर अडीचशे वर्षांपूर्वी निर्वासित म्हणूनच आलेल्या आकादियनांच्या भाताच्या ताटासही तेच म्हणावे लागेल. परंपरा टिकते ती बदल रोखून धरल्याने नव्हे, तर बदल घडविणारे हात त्याच भूमीवर राहिल्याने.

परंतु ती भूमीच आज शाश्वत राहिलेली नाही. मिसिसिपी नदीस बांधांनी जखडल्यामुळे तिचा गाळ त्रिभुज प्रदेशात पसरेनासा झाला, तेलासाठी खणलेल्या कालव्यांतून खारे पाणी आत शिरले आणि समुद्राची पातळी वाढत आहे. १९३२ ते २०१६ या काळात लुइझियानाने किनाऱ्यावरील सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर भूमी गमावली. ईल द ज्याँ शार्ल या बेटावरील मूळ रहिवाशांचे २०२२ साली सरकारी योजनेने अन्यत्र पुनर्वसन झाले. कालवांच्या खाजणी, कोळंबीची दलदल आणि तिच्या काठची घरे गेली तर पाककृतींचे ग्रंथ उरतील. गंबो मात्र शिजविला जाईल तो आठवणीवर.

प्रवासी हा या साऱ्यात निव्वळ प्रेक्षक नसतो. तो काय मागतो, कोणाच्या दारी जेवतो आणि कोणाचे नाव विचारतो, यांवर त्या संस्कृतीचे कोणते रूप जगेल हे अंशतः अवलंबून असते. मार्दी ग्राच्या दिवशी मुखवटेधारी मंडळी घराशी येतात तेव्हा कापितेन प्रथम अंगणाबाहेर उभा राहून परवानगी विचारतो, आणि ती मिळाल्यावरच मंडळी आत येतात. आत आल्यावर ती काही मागतात, पण त्याआधी काही देतातही. दक्षिण लुइझियानात प्रवेश करू इच्छिणाऱ्या पाहुण्यास याहून चांगला पाठ अन्यत्र मिळणार नाही.